घोडेपीराच्या कागदाची मागची बाजू

कसबा बावडा, कोल्हापूर
१२ ऑगस्ट २०२३

चि. तोहिद,

अनेक आशीर्वाद. नको असले तरी घे, निवृत्त मास्तराकडे दुसरं द्यायला काही नसतं.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून हे पत्र, तेही तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर. घरी पाठवलं असतं तर तुझ्या बापाने ते वाचून दाखवायला सांगितलं असतं, आणि कुतुबुद्दीनला वाचून दाखवण्यासारखं मी यात काही लिहिणार नाही.

'करवीर मीमांसा'ने तुझा लेख परत केला, हे कळलं. कोल्हापुरात इतिहासवाले मोजून अठरा, त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत, तरी सगळ्यांना सगळं कळतं. परीक्षक मीच होतो असं तू दोन-तीन ठिकाणी बोललास म्हणे. लेखकाचं नाव परीक्षकाला कळत नाही आणि परीक्षकाचं लेखकाला, हा पीअर रिव्ह्यूचा पहिला नियम मीच तुला एम.ए.ला शिकवला होता. तेव्हा 'हो' किंवा 'नाही' असलं काही माझ्याकडून निघेल ही आशा सोड.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या पिंपळोशीच्या घोडेपीराच्या दर्ग्याला दिव्याचं तेल लावून देणारी जी सनद मी १९९१ साली माझ्या पुस्तकात छापली, तिचं साल मी चुकवलं. कागदावर अकराशे बावीस हा आकडा अरबी शब्दांत लिहिलाय. मी तो हिजरी धरला, म्हणजे इसवी १७१० झाले. तू म्हणतोस तो शुहूर सन, मराठ्यांच्या दफ्तरात चालणारा, मृगाला सुरू होणारा. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवायचे, म्हणजे १७२१. अकरा वर्षांचा फरक, आणि त्यासाठी बावीस पानांचा आकांत!

अकरा वर्षांत काय अडकलंय ते मला ठाऊक आहे. माझ्याच हाताखाली शिकलेल्या पृथ्वीराजने आपल्या लेखात १७१५ सालचा एक महजर, म्हणजे गावसभेचा निवाडा, छापलाय. त्यावर साक्षीदार म्हणून पीराचं नाव आहे, म्हणजे तेव्हा पीर चांगला हिंडताफिरता होता. मग १७१०मध्ये त्याच्या कबरीला तेल कोण देईल? म्हणून पृथ्वीराज म्हणतो की ती कबर पीराची नव्हेच. लोक तिथे मातीचे घोडे वाहतात, त्याअर्थी ती कुणा सरदाराच्या लाडक्या घोडीची समाधी, आणि पीर ही मागाहून रचलेली गोष्ट. तर्क अचाट आहे. पण दोन परीक्षकांनी तो पास केला, आणि एकदा पास झाला की अचाटपणालाही तळटिपा फुटतात. त्याने माझं पुस्तक चौदा वेळा उद्धृत केलंय. तू एकदाच केलंस, तेही चूक दाखवायला.

आणि एक सांगतो, राग मानू नकोस. मानलास तरी चालेल. तू त्या दर्ग्याच्या मुजावराचा मुलगा. दिवा तुझ्या घरचा, तेल तुझ्या घरचं. परीक्षकाने तुला लिहिलंय ना, 'घरचा कागद घरच्यानेच वाचला की तो इतिहास राहत नाही, कैफियत होते'? वाक्य कडक आहे, पण बिनचूक आहे.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तू पंपाचे नग मापून पास-नापास करतोस असं कळलं. बरं झालं. मापायला लोखंड असलं की माणूस हळवा होत नाही. मोडी वाचणारा इतका तयार हात मी गेल्या तीस वर्षांत पाहिला नव्हता, हेही लिहून ठेवतो. ते तुला उपयोगाचं नाही.

तुझा,
ह. ग. खराडे


कसबा बावडा
५ नोव्हेंबर २०२३

चि. तोहिद,

परवा तुम्ही दोघं येऊन गेलात, तेव्हापासून तुझ्या काकू माझ्याशी बोलत नाहीत. म्हणून तुझ्याशी बोलतो.

कुतुबुद्दीनला मी तीनदा खुर्चीवर बस म्हटलं. तो उंबऱ्याजवळच टेकला. पिंपळोशीत आम्ही एका पाटीवर अक्षरं गिरवली, एका विहिरीत उड्या मारल्या, तो मला 'हंब्या' म्हणायचा. आता 'साहेब' म्हणतो आणि फरशीवर बसतो, आणि त्या बसण्यातून मला सुनावतो. हे त्याला चांगलं जमतं.

"साहेब, कागूद द्या की परत," तो म्हणाला. "छत्तीस वर्सं झाली. तुमचं काम झालं न्हवं?"

मी सांगितलं की कागद राहिला नाही, वाळवी लागली.

त्याने माझ्या अभ्यासिकेत डोकावून पाहिलं. "लोखंडाचं कपाट, सिमिटाची भित, आन् वाळवी?" मग तुझ्याकडे वळून म्हणाला, "चल तोहिद. साहेब म्हणत्यात तर लागली आसंल."

तू नुसता कपाटाच्या किल्लीकडे बघत होतास. माझ्या घरात येऊन माझ्या किल्लीकडे बघतोस, हे मला आवडलं नाही. तुला मोडीचं पहिलं अक्षर याच टेबलावर मी हात धरून काढायला लावलं होतं. तेव्हा काकू तुला शिरा करून घालायच्या, आणि तू एमआयडीसीतल्या माणसासारखा बघायचा नाहीस.

जाताना कुतुबुद्दीन म्हणाला, "तुमचा घोडा आजून हाय बरं का. कोनाड्यात. येक कान फुटका." मी सहा वर्षांचा असताना टायफॉइडने मरायला टेकलो होतो, तेव्हा माझ्या आईने, धोंडुबाईने, पीराला मातीचा घोडा बोलला होता. मी वाचलो, तिने घोडा वाहिला. मला पीर पटत नाही, तुला ठाऊक आहे. टायफॉइड औषधाने बरा होतो. पण हे त्याने उंबऱ्यात उभं राहून का सांगावं? मला उपकारात ठेवायला? मी त्याला म्हटलं, "फेकून द्या तो." तो हसला. "नवसाचा घोडा फेकत न्हाईत साहेब. परत बी देत न्हाईत. ऱ्हातोय तिथंच."

कागदाचा विषय आता कायमचा मिटला. संपादकबाईंनीही मूळ कागदाची चौकशी केली होती, त्यांना मी लेखी कळवून टाकलं: 'सदर सनदेचा मूळ कागद वाळवीमुळे पूर्णपणे नष्ट झाला असून, यापुढे तो म्हणून कोणी काही दाखवल्यास ते बनावट समजावे.' शेवटचं वाक्य तुझ्यासाठी नव्हतं. असंच ओघात आलं. त्या ते पुढच्या अंकात निवेदन म्हणून छापणार आहेत, त्यालाही माझा इलाज नाही.

कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झालाय. दिवसभर मळीचा वास येतो आणि डोकं चढतं.

ह. ग. खराडे


कसबा बावडा
२७ फेब्रुवारी २०२४

चि. तोहिद,

उरुसाला काय झालं ते मी पाहिलं. आदर्शने व्हिडिओ पाठवला. तुझ्या लक्षात असेल, आदर्श म्हणजे माझा पुतण्या, गावातल्या पाटलांच्या घराचा आता कर्ता तोच.

तू मला दोषी धरशील, म्हणून क्रम नीट सांगतो.

माघी पौर्णिमेच्या दुपारी आदर्शचा फोन आला. घरात हिरवा गलेफ शिवून तयार होता, वाजंत्री बोलावलेली होती, घोड्याचं पितळी ताट घासून ठेवलं होतं. तो म्हणाला, "काका, गलेफ न्ह्यायचा का न्हाय? ग्रुपवर पोरं म्हणाय लागल्यात, घोडीच्या थडग्यावर चादर घालतासा व्हय? पीअर रिव्ह्यूड हाय की ह्ये! तुमचंच नाव हाय, चौदा ठिकाणी."

मी म्हटलं, इतिहासाचं मी सांगितलंय, रीतीभातीचं तुमचं तुम्ही बघा.

"म्हंजे न्हाय ह्येच न्हवं?"

"मी नाही म्हटलेलं नाही."

"मग व्हय म्हणा. येक शब्द. पोरास्नी दावतो."

तोहिद, मी गप्प बसलो. एवढंच केलं. गप्प बसणं हा गुन्हा असेल तर कोल्हापुरातली अर्धी विद्वत्ता तुरुंगात जाईल. पुढच्याच आठवड्यात मला जीवनगौरव मिळायचा होता, मानपत्र पृथ्वीराजने लिहिलं होतं, आणि त्यात त्या पुस्तकाला प्रमाणग्रंथ म्हटलं होतं. अशा वेळी फोनवर, उभ्या उभ्या, पुतण्याला काय सांगायचं? की बाळा, काका छत्तीस वर्षांपूर्वी साल चुकला?

पाटलांच्या घरचा गलेफ आल्याशिवाय उरुसाचा दिवा लावायचा नाही, हा त्या दर्ग्याचा नियम. कुणी घातला माहीत नाही, पण आजवर मोडला नाही. प्लेगच्या साली माझ्या पणज्याने तापात फणफणत गलेफ नेला होता, असं आई सांगायची. परवा कुणी नेला नाही. व्हिडिओ तेवीस सेकंदांचा आहे. कुतुबुद्दीन कबरीच्या पायथ्याशी बसलाय, हातात काड्यापेटी, समोर तेलाने भरलेला दिवा. मागून कुणीतरी हसत विचारतं, "चाचा, घोडी खिंकाळली का न्हाय?" तो मान वर करत नाही. तुझी आई आत येते, काहीतरी सांगते, तो हातानेच नको म्हणतो. तेवढ्यात व्हिडिओ संपतो. रात्रभर तो तसाच बसला होता, हे नंतर आदर्शनेच सांगितलं. सांगताना त्याचा आवाज जरा उतरला होता.

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला हे लिहिणार नाही.

पृथ्वीराजला फोन करून मी झापलं. म्हटलं, लेख वाचकांसाठी असतो, टोळक्यांसाठी नसतो. तो म्हणाला, "सर, साल तुमचं आहे. मी फक्त बेरीज केली." पूर्वी माझे विद्यार्थी मला असं उलटून बोलत नसत. तू एकटा बोललास, आणि तुला तर मी बाहेरच काढला.

ह. ग. खराडे


कसबा बावडा
१९ जून २०२४

तोहिद,

काल हॉस्पिटलात तू मला बघून कॅंटीनला निघून गेलास. चांगलं केलंस. तू समोर असतास तर मी पाच मिनिटांत उठलो असतो.

कुतुबुद्दीनची उजवी बाजू गेली आहे हे ऐकलं होतं, पण वाचाही गेली हे तिथे गेल्यावर कळलं. मी स्टुलावर बसलो. या वेळी तो पलंगावर होता आणि मी खाली. मी त्याला म्हणालो, कुतुब, पीराला बोल काहीतरी. मस्करी करायची सवय जात नाही. त्याने डोळे मिटले. मग डावा हात चादरीवर सपाट ठेवला आणि हळूच उलटा केला. पुन्हा सपाट ठेवला, पुन्हा उलटा केला. नर्सला वाटलं त्याला कूस बदलायची आहे. तिने त्याला वळवलं, आणि तो भिंतीकडे तोंड करून तसाच राहिला.

तो काय म्हणत होता ते मला कळलं. आता तुलाही सांगून टाकतो, कारण हे पोटात घेऊन मला झोप लागत नाही.

१९८७ साली पावसाळ्यात त्याने तो कागद लाल फडक्यात बांधून मला आणून दिला. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. फडकं सोडताना तो म्हणाला होता, "हंब्या, मागनं बी काय तर लिवलंय बघ." मी म्हटलं, बघतो. पाहिलं नाही. घाई होती, पुस्तक छापायला टाकायचं होतं. पुढच्या बाजूला अरबी शब्दांत साल, कागद मुसलमानाच्या घरातला, मी डोळे झाकून हिजरी कोष्टक काढलं. मराठ्यांच्या कचेरीत कागद लिहिणारा कारकून ब्राह्मण होता आणि तो सगळ्यांच्याच कागदांवर शुहूर सन घालायचा, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत होतो. पण कुतुबच्या फडक्यातून कागद निघाला म्हणून मी त्याचं साल वेगळं धरलं. तीनशे वर्षं जे एका गावात नांदलं त्याला मी दोन पंचांगांत टाकलं. अशी चूक परक्याने केली नसती. त्याने निदान कोष्टकं ताडून पाहिली असती.

गेल्या वर्षी तुझा लेख माझ्याकडे परीक्षणाला आला. हो, माझ्याकडेच. नाव झाकलं होतं, पण तुझं वाक्य मी ओळखणार नाही? वाचून झाल्यावर मी कपाट उघडलं. कागद आहे, तोहिद. वाळवीने त्याचा कोपराही खाल्लेला नाही. मी तो उलटा केला. मागे, खाली, कारकुनाच्या बारीक हातात नोंद आहे: 'शके १६४३ दाखल'. सोळाशे त्रेचाळीस अधिक अठ्ठ्याहत्तर, सतराशे एकवीस. तू कागद न पाहता जिथे पोचलास तिथेच.

मी कागद परत फडक्यात बांधला, कपाट लावलं आणि टेबलावर येऊन तुझा लेख नाकारला. पृथ्वीराजचा आधीच मी पास केला होता. तो पास करताना मला वाटलं होतं, हे पोर वेडं आहे, पण माझं साल धरून चाललंय.

आता मी दुरुस्ती लिहिली आहे. आठ पानं, कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडून, 'करवीर मीमांसा'कडे काल पाठवली. नियमाप्रमाणे माझं नाव झाकूनच परीक्षकांकडे जाईल. छापून आली की नाव येईलच. कुतुबला सांग. तो ऐकतो, डॉक्टर म्हणाले.

ह. ग.


कसबा बावडा
३ डिसेंबर २०२४

चि. तोहिद,

कुतुबुद्दीनच्या मातीला मी आलो नाही. गुडघा दुखत होता. खरं लिहायचं ठरवलंय तर तेही लिहितो: गुडघा दुखत नव्हता.

माझी दुरुस्ती नापास झाली. हस आता. परीक्षकाचा अभिप्राय तुझ्यासाठी शब्दशः उतरवतो:

'लेखकाने डॉ. ह. ग. खराडे यांचा प्रमाणग्रंथ मुळातून वाचलेला दिसत नाही. मूळ कागद नष्ट झाल्याचे खुद्द डॉ. खराडे यांनी लेखी कळवले असून ते या नियतकालिकात प्रसिद्धही झाले आहे. त्यामुळे सोबतची छायाचित्रे बनावट मानणे भाग आहे. लेखक मुजावर घराण्यातील किंवा त्यांच्या हितसंबंधातील असावा. अशा लेखनाने विषयाची विश्वासार्हता धोक्यात येते. नाकारावे.'

एकोणऐंशी वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी मुजावर ठरवलं. हा पृथ्वीराजचाच हात, त्याचं 'मानणे भाग आहे' मी दहा वर्षं लाल शाईने खोडत होतो. संपादकबाईंना फोन केला. त्यांना लेखक कोण ते अर्थातच माहीत. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही मागचं निवेदन खोटं होतं असं सहीनिशी लिहून द्या, मी दोन्ही छापते."

सहीनिशी, म्हणजे वाळवी नव्हती हे मान्य करायचं. परीक्षक म्हणून मी काय केलं, तेही त्यामागून निघणारच. जीवनगौरवाची शाल अजून कपाटात घडी न मोडता आहे. पुढच्या वर्षी माझ्या नावाने व्याख्यानमाला सुरू होतेय, तिला पैसे आदर्शने गावातून गोळा केलेत. मी अजून किती जगणार, तोहिद? चार वर्षं, पाच वर्षं? तेवढी मला सरळ जाऊ देत.

म्हणून दुसरा मार्ग सांगतो. सोबत मूळ कागद पाठवतोय, तुझ्या बापाच्याच लाल फडक्यात. तू तो घेऊन संपादकबाईंकडे जा आणि सांग की बाप गेल्यावर दर्ग्याच्या पेटीत सापडला. दुसरी प्रत होती म्हण. मी सहा ओळींचं पत्र देईन की ही प्रत मला अस्सल वाटते. साल सुधारेल, पृथ्वीराजची घोडी पळून जाईल, आदर्श गलेफ घेऊन येईल. एक लहानसं खोटं आणि सगळं जागच्या जागी. त्यात तुझं काय जातं? तू तर नग पास-नापास करणारा माणूस, तुला नाव राखायचंय असं थोडंच आहे.

माघी पौर्णिमेच्या आत कर. गलेफ शिवायला वेळ लागतो.

तुझा,
ह. ग. खराडे


पिंपळोशी, ता. कागल
१३ फेब्रुवारी २०२५

डॉ. खराडे सर,

तुमची पाचही पत्रं मिळाली. उत्तर एकदाच देतो.

परीक्षक तुम्ही होता हे मला तुमच्या पहिल्या पत्रातच पक्कं कळलं. 'घरचा कागद, कैफियत' हे वाक्य मला मिळालेल्या अभिप्रायात नव्हतं. संपादकबाईंना ते वाईट वाटलं म्हणून त्यांनी गाळून पाठवलं होतं. मी ते प्रथम तुमच्या अक्षरात वाचलं. अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "आसू दे. कागूद मागाय जाऊ. माणूस समोर आल्यावर लाजतोय." म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो होतो.

तुमची जूनची दुरुस्तीची बातमी मी अब्बांना कानाशी बसून वाचून दाखवली होती. त्यांनी माझा हात दाबला. त्यानंतर दवाखान्यातून घरी आणल्यावर ते रोज पोस्टमन यायच्या वेळेला दाराकडे तोंड करून निजायचे. सप्टेंबरात गेले, तोवर काही आलं नव्हतं.

कागद मी दाखवला. पेटीत सापडला असं म्हणालो नाही, सरांच्या कपाटातून आला असं म्हणालो. संपादकबाईंनी तुमचं छापील निवेदन समोर ठेवलं. म्हणाल्या, "सरांनी सही केली तर आजच छापते." मग आदर्शदादाकडे गेलो. त्याने कागद दोन्ही बाजूंनी बघितला, मोबाईलवर तेच निवेदन काढून माझ्यापुढे धरलं. "तोह्या, काका खोटं बोलत्यात म्हणतोस?" मी म्हटलं, व्हय. त्याने कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, "जा बाबा. व्याख्यानमालेच्या पत्रिका छापून आल्यात."

आमच्या इथे एखादा नग नापास झाला की त्यावर लाल खूण करून तो वेगळ्या पेटीत टाकतात. चांगला नग चुकून त्या पेटीत गेला, तर ज्याने खूण केली त्यानेच येऊन, सही करून तो बाहेर काढायचा असतो. दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही. तुम्ही विचारलंत माझं काय जातं, म्हणून हे लिहिलं.

काल उरूस झाला. गलेफाची वाट बघितली नाही. मगरिबच्या नमाजाआधी अम्मीने दिवा लावला. मानाची नावं पुकारताना पहिलं नाव पाटलांच्या घरचं असतं, ते मी पुकारलं नाही. माणसं थोडी थांबली, मग पुढच्या नावाला आली.

सोबत तुमचा कागद परत पाठवत आहे. तो आता आमच्या उपयोगाचा नाही. फडकं ठेवून घेतलं आहे, ते अब्बांचं होतं.

पार्सलमध्ये दुसरी वस्तूही आहे. तुमच्या आईने वाहिलेला घोडा. नवसाचा घोडा परत देत नाहीत असं अब्बा म्हणायचे. मी दिला.

वाटेत फुटू नये म्हणून लाकडाचा भुसा भरला आहे. एक कान फुटका आहे तो आधीपासूनचा, आमच्याकडून फुटलेला नाही. उघडताना तपासून घ्या. पोच पाठवू नका.

तोहिद कुतुबुद्दीन मुजावर